सोलापूरचा जुना गाभा : दगड काय सांगतो, काय सांगत नाही

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, अक्कलकोटच्या रस्त्यावरचे गाव. इथल्या मुलांना सोलापूर नवे नसते. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सिद्धेश्वराची यात्रा अशा निमित्ताने सगळी मुले शहरात जाऊन आलेली असतात. तरीही नववीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "सोलापुरात जुने असे काय काय आहे?" तेव्हा उत्तरे आली ती अशी : किल्ल्यातली बाग, तळे, देऊळ आणि "एक जुनी मिल होती म्हणे". पाचव्या मुलाने पहिल्याचेच उत्तर पुन्हा सांगितले.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. इतिहास हा आमचा विषय नव्हे. पण पुरावा म्हणजे काय, तो कसा तपासायचा आणि त्यातून किती निष्कर्ष काढायचा, हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. शाळेतल्या शिक्षकमित्रांच्या आग्रहावरून आम्ही या मुलांबरोबर सोलापूरच्या दोन सहली केल्या. पहिली सपशेल फसली. मुलांनी प्रत्येक ठिकाणच्या फलकावरचा मजकूर वहीत उतरवून घेतला, शेंगा खाल्ल्या आणि गाडीत झोपून परत आली. दोष मुलांचा नव्हता. "माहिती लिहून घ्या" एवढेच आम्ही त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी तेवढेच केले.

दुसऱ्या सहलीच्या वेळी प्रत्येकाला वहीच्या पानावर उभे तीन रकाने आखायला सांगितले. पहिला, 'दिसते ते'. दुसरा, 'ऐकले किंवा वाचले ते'. तिसरा, 'अजून कळायला हवे ते'. फलकावरचा मजकूर पहिल्या रकान्यात लिहायचा नाही, एवढाच नियम. या तीन रकान्यांनी सहल कशी बदलली, ते या लेखात सांगायचे आहे.

नावाचा प्रश्न

सुरुवात गाडीतच झाली. सोलापूर हे नाव कशावरून पडले? एका मुलाने लगेच सांगितले, "सोळा पुरं मिळून झालं म्हणून सोलापूर." ही व्युत्पत्ती सर्वत्र ऐकू येते. आम्ही ती दुसऱ्या रकान्यात लिहायला सांगितली आणि विचारले, हे खरे की खोटे ते कसे तपासाल?

विज्ञानात एखादी कल्पना तपासताना आपण विचारतो, ही खरी असेल तर आणखी काय दिसायला हवे? नाव 'सोळा' वरून आले असेल तर जुन्या लेखांत त्याचे रूप सोळाशी जुळणारे हवे. पण बाराव्या शतकाच्या सुमाराच्या कन्नड परंपरेत या गावाचे नाव 'सोन्नलिगे' किंवा 'सोन्नलगी' असे येते. त्यात सोळाचा मागमूस नाही. म्हणजे 'सोळा पुरे' ही नाव रूढ झाल्यानंतर त्याच्या आवाजावरून जुळवलेली गोष्ट असण्याची शक्यता बरीच मोठी. गावोगावी अशा गोष्टी असतात. त्या टाकाऊ नसतात, कारण लोकांना आपल्या गावाबद्दल काय वाटते ते त्या सांगतात. पण तो वेगळा पुरावा झाला. मुलांपैकी निम्म्यांच्या घरी कन्नड बोलतात. सोलापूरचे सर्वांत जुने नाव आपल्या आजीच्या भाषेतले आहे हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते कोणत्याही रकान्यात मावणारे नव्हते.

तळे आणि देऊळ

सोलापूरच्या जुन्या गाभ्यात शिरायचे ते सिद्धेश्वर तळ्यावरून. बाराव्या शतकातले संत सिद्धराम, म्हणजेच सिद्धरामेश्वर, हे या गावाचे ग्रामदैवत. ते बसवेश्वरांच्या काळातले. त्यांनी कन्नड वचने रचली, गावात आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापन केली आणि लोकांच्या श्रमातून तळे खोदवले, असे परंपरा सांगते. दरवर्षी जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते. उंच नंदीध्वज खांद्यावर आणि कमरेच्या पट्ट्यावर तोलत या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घातली जाते.

काठावर उभे राहून आम्ही मुलांना एक साधा हिशेब करायला लावला. सोलापूरला वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण साठ सेंटिमीटरांच्या आसपास. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि कोरडा वारा सुटतो. अशा प्रदेशात उघड्या पाण्यावर वर्षभरात जेवढा पाऊस थेट पडतो, त्याच्या कित्येक पट पाणी उन्हाने उडून जाते. मग तळे टिकते कसे? "बाजूचं पाणी वाहून येतं," एका मुलीने सांगितले. बरोबर. तळे आपल्या अंगावर पडणाऱ्या पावसावर जगत नाही, भोवतालच्या उतारावरून येणाऱ्या पाण्यावर जगते. म्हणजे ज्याने कुणी ही जागा निवडली, त्याला जमिनीचा उतार नीट कळत होता. त्याच्याकडे नकाशे नव्हते, पण पावसाळ्यात पाणी कुठे धावते हे पाहिलेले डोळे होते. आठशे वर्षांपूर्वी इथे पाण्याचा विचार करून वस्ती वाढवणारी माणसे होती, ही गोष्ट फलक न वाचता समजली.

अडुसष्ट लिंगांबद्दल आम्ही शिक्षकांना एक उपक्रम सुचवला. शहराच्या मोठ्या नकाशावर या लिंगांच्या जागा टाचणीने दाखवाव्यात. सर्वांत बाहेरच्या टाचण्यांना दोरा गुंडाळला की एक आकृती मिळेल. ही त्या काळच्या वस्तीची आणि तिच्या शिवाराची सीमा असेल का? ही कल्पना आहे, निष्कर्ष नव्हे. पण ती तपासता येण्याजोगी आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री यात्रेला जाणाऱ्या प्रत्येक घरात आहे. आजोबांना विचारायचे, मिरवणूक कुठून कुठे जाते?

किल्ला

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. डोंगरी किल्ल्याला उंची आपोआप मिळते. भुईकोटाला ती नसते, म्हणून त्याला भिंत, बुरूज आणि खंदक यांवर भिस्त ठेवावी लागते. सोलापूरच्या किल्ल्याला एकात एक अशा दोन तटभिंती आहेत. एका बाजूला तळे आणि उरलेल्या बाजूंना खंदक, अशी त्याची रचना. तळे खोदणाऱ्यांनी ते किल्ल्यासाठी खोदले नव्हते, पण किल्ला बांधणाऱ्यांनी ते कामाला लावले. शहरे अशीच वाढतात. एका पिढीने एका कामासाठी केलेली गोष्ट पुढची पिढी दुसऱ्या कामासाठी वापरते.

किल्ल्याची उभारणी बहमनी काळात, चौदाव्या शतकात झाली असे मानतात. पुढच्या तीनशे वर्षांत हा किल्ला दख्खनच्या राजकारणात सतत हातबदल होत राहिला. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या बरोबर सीमेवर तो होता. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातली राजकन्या मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले. ते प्रत्यक्षात मिळाले नाही आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत लढाया झाल्या. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी दोन्ही शाह्या एकत्र आल्या. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण गेला. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकले, त्याआधी त्याची छावणी सोलापुरात होती. मे १८१८ मध्ये जनरल मन्‍रोच्या फौजेने आधी पेठ आणि मग किल्ला घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा बाजीराव शरण गेला.

ही सनावळी मुलांच्या दुसऱ्या रकान्यात गेली. पहिल्या रकान्यात काय आले? एका मुलाने लिहिले, "दगड काळा आहे. त्यात बारीक भोके आहेत. काही भोकांत पांढरे भरले आहे." आम्हाला तर हा मोठाच आनंद. हा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे म्हणजे ही भोके. नंतर झिरपत्या पाण्यातून त्यांत पांढरी खनिजे साचली. किल्ल्याचा दगड दुरून आणलेला नाही, पायाखालचाच आहे, हे भिंतीकडे आणि वळसंगच्या विहिरींच्या कडांकडे पाहून मुलांनी स्वतः ठरवले.

दुसऱ्या एकाने विचारले की बुरूज गोल का? भिंत सरळ असेल तर तिच्या पायथ्याशी आलेला शत्रू वरून दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून दोन्ही बाजूंच्या भिंतींचा पायथा दिसतो. आणि तोफेचा गोळा सपाट भिंतीवर जसा समोरून आदळतो, तसा गोलाकारावर सगळीकडे आदळत नाही, पुष्कळदा तिरका बसून घसरतो. दख्खनमध्ये पंधराव्या शतकापासून तोफांचा वापर वाढला, आणि भिंतींची जाडी, बुरुजांचा आकार, झरोक्यांच्या जागा हे सारे तोफेच्या हिशेबाने बदलत गेले. म्हणून एकाच किल्ल्यात जुने आणि नवे बांधकाम शेजारी शेजारी दिसते. बांधकामाचे वय सांगणारा फलक नसला तरी त्यातली भोके बाणाची, बंदुकीची की तोफेची हे पाहून क्रम लावता येतो.

अवघड प्रश्न

मग तो प्रश्न आला. किल्ल्याच्या आत एका जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. सिद्धरामांनी स्थापन केलेल्या कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचे ते मंदिर. आणि तटाच्या भिंतीत मध्येच एखादा कोरीव दगड दिसतो, खांबाचा तुकडा, वेलबुट्टीची पट्टी. तो बाकीच्या दगडांसारखा नाही. तो आधी देवळात होता, यात शंका नाही. एका मुलाने आवाज खाली आणून विचारले, "सर, देऊळ पाडून किल्ला बांधला का?"

बरोबरचे दोन शिक्षक आमच्याकडे पाहू लागले. वर्गात वेगवेगळ्या घरांतली मुले होती. असा प्रश्न टाळायचा नाही आणि त्याचे उत्तर घाईने द्यायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. मुलाला म्हटले, "तीन रकाने काढ. दगडात काय दिसते?" त्याने लिहिले : कोरीवकाम आहे. दगड आडवा बसवला आहे. वेलबुट्टी मध्येच तुटली आहे. "म्हणजे?" "हा दगड आधी दुसऱ्या इमारतीत होता." हे पक्के. "तो कुणी काढला, तेव्हा देऊळ नांदते होते की पडीक, ते लढाईत पडले की दगड हवेत म्हणून उकलले, हे या दगडात दिसते का?" त्याने पुन्हा पाहिले. "नाही दिसत." मग ते तिसऱ्या रकान्यात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. "दगड सांगत नाही" म्हणजे "तसे घडलेच नाही" असे नव्हे. दख्खनच्या युद्धांत शत्रूची देवळे पाडली गेली याचे पुरावे इतरत्र आहेत. पडीक इमारतींचे दगड सर्व धर्मांच्या लोकांनी आपल्या बांधकामांना नेले याचेही आहेत. कोणत्या ठिकाणी काय झाले हे त्या त्या ठिकाणच्या पुराव्यावरून ठरवायचे. मनाला सोयीचे वाटते म्हणून एक बाजू धरली, तर प्रयोगाआधीच वहीत निरीक्षण लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासारखे होते. प्रयोगशाळेत आम्ही त्याला नापास करतो.

मुलांना आम्ही स्पेनमधल्या कोर्दोबा शहराची गोष्ट सांगितली. नदीवरचा रोमन पूल, अरुंद गल्ल्या आणि जुनी मोठी मशीद यांसाठी त्या शहराचा जुना गाभा जगभर ओळखला जातो. मशिदीचे काम आठव्या शतकात सुरू झाले. तिच्या आतल्या शेकडो खांबांपैकी पुष्कळसे त्याहून जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. म्हणून त्यांची उंची आणि शेंडे एकमेकांशी जुळत नाहीत. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकले आणि मशिदीचे कॅथीड्रल झाले. सोळाव्या शतकात मशिदीच्या मधोमध कॅथीड्रलचे उंच दालन उभारले गेले. आज तिथे उभे राहिले की एकाच छताखाली रोमन खांब, मुसलमानी कमान आणि ख्रिस्ती वेदी दिसते. १९८४ मध्ये ती इमारत जागतिक वारसा ठरली आणि १९९४ मध्ये तो मान भोवतालच्या जुन्या वस्तीलाही मिळाला. तिथे कोण कुणावर कसा वरचढ झाला हे लपवलेले नाही. पण म्हणून कुणी खांब काढून मूळ मालकाला परत करायलाही निघालेले नाही. थर जसे आहेत तसे राखले, म्हणून ते वाचता येतात.

सोलापूरला हे थर आहेत. सिद्धरामांचे तळे आहे, मंदिराचे अवशेष आहेत, सुलतानांचे बुरूज आहेत, आणि यात्राही चालू आहे. कोणताही एक थर खरवडून काढला, तर उरलेल्यांचाही अर्थ हरवतो. त्या मुलाने परत येताना वहीत लिहिले होते, "दगड खोटं बोलत नाही पण सगळं सांगत नाही." लेखाचे शीर्षक आम्ही त्याच्याकडून घेतले आहे.

गिरणी आणि माग

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेव्हा लोक हिला 'जुनी गिरणी' म्हणू लागले. १८७६ ते १८७८ ही दख्खनमधल्या भीषण दुष्काळाची वर्षे. एका मुलीने चटकन जोडले, "दुष्काळ पडला म्हणून गिरणी निघाली." आम्ही तिला थांबवले. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. गिरणीची तयारी दुष्काळाच्या आधीपासून चालली होती. गिरणी निघण्याचे कारण शोधायचे तर कापूस, रेल्वे, भांडवल यांकडे पाहावे लागेल. गिरणीला कामगार कुठून मिळाले हे शोधायचे असेल तर मात्र दुष्काळाकडे वळावे लागेल. प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो.

विणकर आले ते तेलंगणातून. पद्मशाली समाजाच्या या लोकांनी सोलापूरला तेलुगू भाषा दिली आणि चादर दिली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा या शहरात एकाच गल्लीत ऐकू येतात, त्यामागे हा इतिहास आहे. चादरीवरची नक्षी विणते ते जकार्ड यंत्र. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते सिद्ध केले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ यंत्रातून फिरते. जिथे भोक आहे तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खालीच राहतो. म्हणजे 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांत संपूर्ण मोर किंवा वेलबुट्टी लिहून ठेवलेली असते. पुढे गणकयंत्रांना सूचना देण्यासाठी भोकांची कार्डे वापरली गेली, ती याच कल्पनेवर. सोलापूरच्या मुलांना संगणकाची पहिली ओळख करून द्यायला परदेशी पुस्तक लागत नाही, शेजारच्या कारखान्यातला माग पुरतो.

शतक संपता संपता शहरातल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या. त्यांची यंत्रे मोडीत गेली. गिरणीमालक अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली, नक्षीने भरलेली इंद्रभुवन इमारत महापालिकेच्या आवारात उभी आहे, तिची देखभालही होते. पण ज्या मागांच्या जिवावर असे वाडे उभे राहिले, ते माग, त्या पुठ्ठ्यांच्या माळा, कामगारांची हजेरीपुस्तके हे सारे कुणी जपायचे? वाडा आपसूक टिकतो, कारण तो सुंदर असतो. हजेरीपुस्तक टिकत नाही, कारण ते रद्दी असते. इतिहासात मालक दिसतो आणि कामगार दिसत नाही, याचे एक कारण इतके साधे आहे.

चार पुतळे

शहरात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. ८ मे रोजी सोलापुरात जमावावर गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि न्यायालय जाळले, पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजी अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले.

पुतळ्यासमोर मुलांचा पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला. चेहरे, नावे, तारीख, संपले. हेही शिकण्यासारखे आहे. पुतळा ही घटनेच्या वेळची वस्तू नव्हे. घटना आठवत राहावी असे ज्यांना वाटले, त्यांनी ती नंतर उभी केली. तेव्हा पुतळा हा १९३० चा पुरावा कमी आणि स्मरणाचा पुरावा अधिक. १९३० चा पुरावा शोधायचा तर खटल्याचे कागद, त्या वेळची वर्तमानपत्रे, सरकारी अहवाल पाहावे लागतील, आणि त्यातही फिर्यादी सरकारचा कागद आणि आरोपीचे म्हणणे शेजारी ठेवून वाचावे लागेल. आदर कमी होईल या भीतीने असे प्रश्न टाळू नयेत. चौकशी करून दिलेला आदर अधिक टिकतो.

कोटणीसांचे स्मारक

शेवटचा मुक्काम डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस मुंबईत डॉक्टर झाले आणि १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथेच लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. सोलापुरातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक आणि संग्रहालय झाले आहे.

एका मुलीने तिसऱ्या रकान्यात लिहिले, "त्यांनी काम चीनमध्ये केले, मग संग्रहालय इथे का?" उत्तर तिनेच शोधले : "इथल्या मुलाला वाटावे की आपणही जाऊ शकतो." संग्रहालय कशासाठी, याची याहून नेमकी व्याख्या आम्हाला सुचत नाही.

सोलापूरहून फार दूर नसलेल्या तेर या गावचे उदाहरण शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. ग्रीक खलाशांच्या जुन्या पुस्तकात 'तगर' म्हणून ज्याचा उल्लेख आहे, ते हे तेर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत मिळणारे मणी, मातीच्या मूर्ती, भांडी आयुष्यभर गोळा केली. त्यातून तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. लोकांना जे खापर वाटत होते, त्यात त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार दिसला.

परत वळसंगला

संध्याकाळी गाडीत आम्ही विचारले, "आता वळसंगमध्ये जुने असे काय काय आहे?" सकाळी या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर आले असते. आता एक मुलगा म्हणाला, "आमच्या आजोबांचा माग आहे माळ्यावर." दुसरी म्हणाली, "विहीर आहे की, बाबासाहेबांची."

वळसंगमध्ये एक विहीर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर गावात आले होते आणि या विहिरीशी त्यांचे नाव जोडले गेले, ही गोष्ट गावात आजही सांगितली जाते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाला एखाद्या गावातल्या विहिरीचे मोल काय वाटले असेल, हे सकाळी तळ्याच्या काठावर पाण्याचा हिशेब केलेल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. पाणी कमी असलेल्या मुलखात ते कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हाही इतिहासच. किल्ल्यापेक्षा तो लहान नाही.

पुढच्या महिन्यात मुलांनी विहिरीची मापे घेतली. व्यास, खोली, बांधकामाचा दगड, पायऱ्यांची संख्या. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसली. "आज्जी, तुम्ही कुणाकडून ऐकलं? त्यांनी स्वतः पाहिलं होतं का?" हा प्रश्न त्यांनी प्रत्येकीला विचारला आणि उत्तर ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत लिहून घेतले. माळ्यावरचा माग खाली आला. शाळेच्या एका रिकाम्या कपाटाला कागद चिकटवून त्यावर लिहिले : वळसंगचे संग्रहालय. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी आहे. वस्तू कुणाची, कुठे मिळाली, कोणी दिली, आणि तिच्याबद्दल अजून काय कळायला हवे.

शिक्षकमित्रांना सुचवायचे ते एवढेच. चिठ्ठीवरची ही शेवटची ओळ आपल्या शाळेतल्या कपाटातही ठेवा, आणि ती भरून काढायला पुढच्या वर्षीच्या वर्गाला सांगा.